शेवटच्या खिळ्यावरचा बिल्ला

कापलेलेइ मिशन रुग्णालय वसाहत
९ जानेवारी २०१९

एनोक,

रुग्णालयाच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या स्मरणिकेतील ‘माझ्या वडिलांची दुर्बीण’ हा तुझा लेख मी दोन वेळा वाचला. पहिल्या वाचनात आढळलेल्या चुका माझ्या चष्म्याच्या असाव्यात, असे मानून मी तुला संशयाचा फायदा दिला. दुसऱ्या वाचनात त्या तुझ्याच निघाल्या.

डॉ. हॉलिस यांनी घशातून जठरापर्यंत पाहण्याची ती दुर्बीण १९९१ साली आणली नाही; १९९३ साली आणली. ती ‘मोज्यांत गुंडाळून’ आली नाही. कुलपाच्या पेटीतून आली, आणि त्या कुलपाची किल्ली पुढे निवृत्तीपर्यंत माझ्या कमरेला होती. मी बैलाच्या अन्ननलिकेवर सराव केला, हे वाचून लोक हसले असतील. बैलाच्या नव्हे, गाईच्या. अरप चुमोच्या खाटीकखान्यातून आणलेल्या आणि साबणाने धुतलेल्या. तू मला तीन ठिकाणी ‘डॉक्टर’ म्हटले आहेस. मी क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे पदविकेवर रुग्ण तपासणारा माणूस, होतो. जी पदवी मला कोणत्याही विद्यापीठाने दिली नाही, ती मुलानेही देऊ नये.

या किरकोळ गोष्टी झाल्या. तुझा शेवटचा परिच्छेद मात्र किरकोळ नाही. तू लिहितोस: ‘२००६ साली माझ्या आईला अन्ननलिकेचा कर्करोग झाला. आत जाळीची नळी बसवली असती, तर तिला पुन्हा गिळता आले असते. परंतु तिची पाळी येण्यापूर्वीच रुग्णालयातील एकुलती एक दुर्बीण बंद पडली आणि माझे वडील हतबल झाले.’

तिची पाळी आली होती. त्या दिवशी दुर्बीण उत्तम चालत होती. आणि ‘हतबल’ हा शब्द माझ्याविषयी यापूर्वी कोणी वापरलेला नाही.

आता कामाचे. तू फेब्रुवारी महिन्यात दोन दुर्बिणी आणि जाळीच्या नळ्या घेऊन चार आठवड्यांसाठी येऊ इच्छितोस. आपल्या रुग्णालयातल्या जॉयलिन चेलुले हिला आणि आणखी दोघांना हे काम शिकवू इच्छितोस, असा तुझा अर्ज रुग्णालय समितीपुढे आला आहे. आपली जुनी दुर्बीण २०१६ पासून निकामी आहे. जिल्ह्याच्या गावची रांग इतकी लांब आहे की, गिळता न येणारा माणूस तिच्या निम्म्यापर्यंतही टिकत नाही. म्हणून तुझा अर्ज चांगला आहे. तुला येथे काम करण्याची परवानगी मिळण्यासाठी आणि सामानाच्या पेट्या विमानतळावरून सुटण्यासाठी समितीचे पत्र लागते. त्या पत्रावर अध्यक्षाची सही लागते. अध्यक्ष मी आहे.

ज्याला आपल्या घरात घडलेली गोष्ट सरळ सांगता येत नाही, त्याच्या हाती मी तीन शिकाऊ माणसे देऊ शकत नाही. रुग्णाच्या आत जे दिसेल तेच सांगायचे, हाच या विद्येचा पहिला धडा आहे. लेखाचे शुद्धिपत्र लिहून पाठव. ते रविवारी चर्चमध्ये वाचले जाईल. त्यानंतर सही.

जॉयलिनबरोबर पाठवलेली बिस्किटे मी तिलाच दिली. मी हल्ली कोरडे खात नाही.

जेरेमाया अरप सिगेइ

ता. क. जॉयलिन माझ्या पत्रांचे फोटो काढून तुला पाठवते, म्हणजे तीही ती वाचते. जॉयलिन, कागद परत आणून दे.


४ फेब्रुवारी २०१९

एनोक,

तुझे उत्तर जॉयलिनने छापून आणून दिले. ‘बाबा, मी ते तुमच्यासाठी लिहिलं. आता सगळं विसरलेत लोक. तुम्हाला कोणी बोल लावू नये, एवढंच मनात होतं.’

लोक विसरलेले नाहीत. ते माझ्यासमोर बोलत नाहीत, इतकेच. तुझ्या लेखणीच्या दयेची मला गरज नाही. जे घडले ते मी सांगतो. तू फक्त उतरवून घे.

फळ्यापासून आरंभ करतो. तू तो फळा ‘वडिलांच्या हट्टाचे प्रतीक’ म्हणून एका ओळीत उरकला आहेस. फळा येण्यापूर्वी आमच्या दुर्बिणीच्या खोलीला दोन दारे होती. पुढल्या दाराशी माणसे बसून राहत, आणि मागल्या दाराने चीफचे सासरे, समितीच्या सभासदांच्या मावश्या आणि धर्मोपदेशकांचे भाऊ आत येत. मी मागले दार विटांनी बुजवले. दुधाच्या जुन्या कॅनचा पत्रा कापून बिल्ले केले, त्यांवर क्रमांक ठोकले आणि फळ्यावर खिळे मारले. पहिल्या खिळ्यावर ज्याचा बिल्ला, तो आत. त्या फळ्यामुळे पहिल्यांदा चहामळ्यात पाने खुडणारी एक बाई आमदाराच्या काकाच्या आधी टेबलावर चढली. काका वऱ्हांड्यात बसून मला शिव्या देत होता. तो दिवस मला अजून आवडतो.

फळ्याशेजारी नियम होता, माझ्या हस्ताक्षरात: ज्याने सकाळी काहीही खाल्ले किंवा प्याले असेल, त्याचा बिल्ला शेवटच्या खिळ्यावर जाईल. भरल्या घशात नळी घातली, तर आतले सगळे छातीत जाऊन माणूस टेबलावरच दगावतो. हे एकदा समजावून सांगता येते, दोनदा सांगता येते. पुढे नियमच करावा लागतो. आमची माणसे उपाशी निघत आणि निघताना कोणीतरी वडीलधारे मुर्सिकचा तुंबा पुढे करी. प्रवासाला, परीक्षेला, शस्त्रक्रियेला निघालेल्याने तुंब्यातले ते आंबवलेले दूध घोटभर घ्यायचे. देणाऱ्याचा तुंबा परतवणे म्हणजे त्याचे तोंड काळे करणे. दूध पिऊन येत आणि ‘उपाशी आहे’ म्हणून सांगत. मी त्यांना मागे पाठवी. २००६ च्या जून महिन्यात चेबोर्गेच्या एका म्हाताऱ्याला पाठवले होते. तो परत आला नाही.

१७ ऑगस्ट २००६, गुरुवार. पहिल्या खिळ्यावर तुझ्या आईचा बिल्ला होता. दीड महिना ती रांगेत होती. मी तिला एका खिळ्यानेही पुढे आणले नव्हते. मी इतरांना विचारतो तेच तिला विचारले, “काही खाल्लं-प्यायलंस का?” ती म्हणाली, “नाही.” परिचारिका सालोमेने, नळी चावली जाऊ नये म्हणून, तिच्या दातांमध्ये कडे बसवले. मी नळी आत घातली.

अन्ननलिकेच्या मध्यावर, जिथे रोगाने वाट आवळली होती, तिच्या वर दूध साचून उभे होते. करडे, निळसर, आणि त्यात कोळशाचे कण. आपल्या तुंब्यांना आतून जो कोळसा लावतात, तोच. मी नळी बाहेर काढली.

“ताप्रांदिच, हे काय आहे?”

ती तोंड पुसत म्हणाली, “आशीर्वाद होता.”

“किती प्यायलीस?”

“आशीर्वाद कोण मोजतं, म्झे?” वडीलधाऱ्याला मारायची ती हाक तीही मला मारत असे.

सालोमे म्हणाली, “उद्या सकाळी पहिल्यांदा घेऊ या की. रात्रभरात उतरेल खाली. कोणाचं काय जातंय?” मी म्हणालो की, ज्यांचे क्रमांक उद्याचे आहेत, त्यांचे जाते. सालोमे आणखी बोलू लागली, तेव्हा तुझी आईच तिला म्हणाली, “गप गं सालोमे. लग्नाच्या दिवशीसुद्धा या माणसाने मला रांगेत उभी केली होती.” खोलीतले सगळे हसले. तीही हसली. नंतर मी तिचा बिल्ला पहिल्या खिळ्यावरून काढला आणि शेवटच्या खिळ्याला अडकवला. ती टेबलावर बसून पाहत होती. त्या वेळी ती हसत नव्हती.

पुढच्या सोमवारपासून मी सालोमेची बदली प्रसूती विभागात केली. परिचारिका चांगली होती. बोलत जास्त असे. २९ ऑगस्टला अरप बोर नावाच्या गृहस्थाच्या तोंडातले कडे निसटले. ते धरायला नवी मुलगी होती. तो नळीला कडकडून चावला. आम्ही नळी पाण्यात बुडवून पाहिली, तेव्हा बुडबुडे आले. म्हणजे पाणी आत शिरू लागले होते. अशी दुर्बीण दुरुस्त करणारे या देशात कोणी नव्हते. ती परदेशी गेली आणि पुढच्या मार्चमध्ये परत आली. तुझी आई ५ नोव्हेंबरला वारली होती. सालोमेची बदली आणि अरप बोरचा चावा या दोन गोष्टी येथे शेजारी आल्या आहेत, त्या केवळ कालक्रमामुळे.

हे सर्व शुद्धिपत्रात यावे.

काल रेल दारात आली होती. चर्चच्या गायनवृंदात खालच्या सुरात गाणारी ती उंच बाई. लहानपणी तू तिला घाबरायचास. आता तिच्या घशाखाली फक्त दूध उतरते, तेही बसून, मान तिरकी करून. तिने विचारले, “म्झे, एनोक येतोय ना?” मी सांगितले की, पत्रव्यवहार चालू आहे.

जेरेमाया अरप सिगेइ


४ मार्च २०१९

एनोक,

रेल बुधवारी वारली. ते तुला कळले आहे, हे तुझ्या पत्रातील पहिल्याच वाक्यावरून दिसते: ‘बाबा, तुम्ही एका परिच्छेदासाठी माणसं मारताय.’

या वाक्यात कोण, कोणाला आणि कशासाठी, हे सर्व जागच्या जागी आहे. तुझ्या संपूर्ण लेखात इतके चांगले वाक्य नाही. तुला असे लिहिता येते, याचा अर्थ शुद्धिपत्राचा जो मसुदा तू पाठवलास, तो तू जाणूनबुजून वाईट लिहिला आहेस.

मसुद्यात माझ्याविषयी सर्व काही आहे. फळा आहे, नियम आहे, सालोमे आहे, शेवटचा खिळा आहे. तिथे तुझी लेखणी कुठेही अडखळत नाही. मग हे एक वाक्य येते: ‘घरून निघताना आईला प्रथेप्रमाणे दूध देण्यात आले.’

कोणी दिले?

मी बारा वर्षे वाट पाहिली की, तू सांगशील. माझी समजूत अशी होती की, माणूस जितका दूर जातो, तितके त्याला स्पष्ट दिसते. तू स्कॉटलंडला गेलास, रोज दहा-दहा माणसांच्या आत उतरून पाहतोस, आणि तिथून लेख लिहिलास की, दुर्बीण बंद पडली. माझ्यावर दया करण्यासाठी तू ते लिहिलेस, असे तू म्हणतोस. मला खोटे ठरवून तू कोणाला झाकत होतास, ते आता आपण पाहू.

त्या दिवशी मी तिला विचारले होते, “दूध कोणी दिलं?” ती म्हणाली, “माझं मीच घेतलं.” ऑगस्टपर्यंत तुझ्या आईला पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलावा लागत असे. भरलेला तुंबा तिला एकटीला तोंडापर्यंत नेता आला नसता. मी बाहेर आलो तेव्हा तू वऱ्हांड्याच्या पायरीवर बसला होतास. विद्यापीठातून सुट्टीवर आला होतास, पांढरा सदरा घातला होतास, आणि एक बाही कोपरापर्यंत दुमडली होती. एकच. दुमडीच्या कडेला कोळशाचा डाग होता.

तुझी एस्तेर मावशी तुंबा घेऊन आली होती. ते तिचे कामच होते. तुझ्या आईने मान फिरवली होती. ती मावशीला म्हणाली होती की, नको, नियम आहे. तेव्हा तू मावशीच्या हातून तुंबा घेतलास आणि म्हणालास, “घे गं आई, घोटभर. बाबा काय, आपलेच आहेत. मी बघतो.” दफनाच्या दिवशी एस्तेरने हे मला शब्दश: सांगितले. ती रडत होती, आणि तुझी बाजू घेत होती.

तू वैद्यकाच्या चौथ्या वर्षाला होतास. तुला नियम ठाऊक होता, नियमामागचे कारणही ठाऊक होते. आई शेवटच्या खिळ्यावर गेलेली तू पाहिलीस. ‘मी बघतो’ म्हणाला होतास. आणि पायरीवर बसून राहिलास. आत येऊन ‘दूध मी पाजलं’ एवढे तू म्हणाला असतास, तर मी नियम बदलला असता, असे समजू नकोस. बदलला नसता. पण तू म्हणाला असतास.

आणखी एक. मसुद्याच्या अखेरीस तू लिहिले आहेस की, आईने वडिलांकडे कधी काहीच मागितले नाही. हे खोटे आहे. ऑक्टोबरमध्ये, पाणीही उतरेनासे झाल्यावर, ती वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसे. कोकोचा रिकामा डबा तिच्या मांडीवर असे. थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, म्हणून ती डब्यात थुंकत असे. एका संध्याकाळी तिने विचारले, “म्झे, माझा नंबर कितवा आलाय?” मी सांगितले, “चौदावा.” दुर्बीण तेव्हा परदेशात होती आणि फळा मी हलवलेला नव्हता. ती म्हणाली, “मग ठीक. जवळ आलाय.”

तिने विचारले, मी खरे ते सांगितले. हेही शुद्धिपत्रात घाल.

रेलच्या दफनावरून परतताना जॉयलिन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की, समितीतल्या इतर पाचही जणांची तयारी आहे. मी म्हटले की, सही पाचांची लागत नाही. ती म्हणाली, “म्झे, सही करा. नाहीतर मी तुमच्या नावाने ठोकून देते.”

“माझी सही तुला जमायची नाही.”

“का नाही जमणार? अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंय माझं. हाताला अजून वळ आहेत.”

ती चांगली होईल. गाईच्या अन्ननलिकेवर तिचा हात माझ्यापेक्षा हलका चालतो. पण तिला शिकवायला येणाऱ्याने आधी स्वत:चे वाक्य पुरे करावे.

जेरेमाया अरप सिगेइ


२९ मार्च २०१९

एनोक,

तुझे शुद्धिपत्र रविवारी, २४ तारखेला, प्रवचनानंतर वाचण्यात आले. वाचले मी.

‘मावशीच्या हातून तुंबा मी घेतला. आई नको म्हणत होती. मी तो तिच्या ओठांना लावला. मला नियम ठाऊक होता. वडिलांनी तिला मागे पाठवले, तेव्हा मी गप्प बसलो, आणि बारा वर्षांनी सगळा दोष यंत्रावर घातला.’ यात मी एकही शब्द बदललेला नाही. असे मी आजवर कोणत्याही विद्यार्थ्याच्या बाबतीत केलेले नाही.

तुझ्याविषयीचा भाग वाचून झाला, तेव्हा एस्तेर उठली आणि चर्चबाहेर गेली. माझ्याविषयीचा भाग त्यानंतर होता. तो वाचून मी मान वर केली, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. गोष्ट तुझी चालली होती. लोक माझ्याकडे का पाहत होते, ते मला समजले नाही. बाहेर आल्यावर माझ्याशी कोणी हात मिळवला नाही. पाऊस येईलसा होता, घाईत असतील.

सोमवारी मी सही केली. पत्र गेले आहे, परवानगी मिळेल. सहीबरोबर मी एक अट घातली आहे आणि तुझ्या होकाराची प्रत मला मिळाली आहे: फळा, बिल्ले आणि नियम पूर्वी होते तसेच राहतील. मी निवृत्त झाल्यावर रुग्णालयातल्यांनी नियमावर पांढरा रंग फासला होता. जॉयलिनचे म्हणणे असे की, मागे पाठवण्याच्या धाकानेच लोक दूध प्यायल्याचे लपवत. कोणी प्यायले असेल, तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावे, म्हणजे कोणी खोटे बोलणार नाही. हे ऐकायला गोड वाटते. मी रंग खरवडून काढवला आहे. खालची अक्षरे अजून स्पष्ट आहेत.

माझ्या खुर्चीजवळच्या डब्याविषयी जॉयलिनने तुला लिहिले, असे दिसते. तो तिचा विषय नव्हता. होय, समितीच्या बैठकीत मी चहा घेतला नाही, आणि होय, पट्ट्याला दोन नवी भोके पाडली आहेत. मी या विषयात तेवीस वर्षे काम केले आहे. मला काय झाले आहे हे सांगण्यासाठी कोणी नळी घालण्याची आवश्यकता नाही. आवश्यकता जाळीची आहे. मी इतरांसारखाच खिडकीपुढे उभा राहून बिल्ला घेतला. तू विचारतोस की, आधीच का सांगितले नाही. ‘सही जानेवारीतच केली असती, तर तुम्ही आतापर्यंत जेवत असता,’ असे तू लिहितोस. हे मलाही समजते. आणि रेलही गात असती. हे वाक्य तू लिहिले नाहीस, म्हणून तुझ्या वतीने मी लिहितो. म्हणजे तुला खोडायला नको.

मला एका खिळ्यानेही पुढे आणू नकोस.

जेरेमाया अरप सिगेइ


२० मे २०१९, सकाळ
दुर्बिणीच्या खोलीबाहेरील बाक

एनोक,

तुला येऊन आठवडा झाला. तू अतिथिगृहात उतरलास, घरी आला नाहीस, आणि मी बोलावले नाही. या बाबतीत दोघांच्या वागण्यात काही चूक नाही. खिडकीतून मी तुझे काम पाहिले. तू जॉयलिनच्या हातावर हात ठेवत नाहीस. बोलून सांगतोस आणि थांबतोस. मी हातावर पट्टी मारत असे. तुझी पद्धत अधिक बरी असावी. परवा चहामळ्यातल्या माणसाला जाळी तिने पहिल्याच खेपेला बसवली. संध्याकाळी तो माणूस बाहेर बसून मक्याच्या पिठाची उगाली खात होता आणि घास गिळला की आजूबाजूच्यांकडे पाहत होता.

आज पहिल्या खिळ्यावर माझा बिल्ला होता.

पहाटे एस्तेर आली. चर्चमधून उठून गेली होती, त्यानंतर प्रथमच. हातात तुंबा होता. आत आली नाही. उंबरठ्यावरच उभी राहिली.

“जेरेमाया, आज तुझी पाळी आहे म्हणे.”

मी म्हणालो, आहे.

“मग घे. मोठी मेहुणी आहे मी तुझी, माझंच काम आहे हे.”

मी म्हणालो की, नियम तिला माहीत आहे.

“माहीत आहे. नको म्हणालास, तर माझा हात परतवलास. सगळ्या वस्तीला कळेल. घेतलास, तर नंबर गेला. माझ्या बहिणीपुढे हेच वाढून ठेवलं होतं ना? ती बापडी नको म्हणाली, तर पोराने पाजलं. तुला पाजायला कोणी नाही. तूच धर, तूच ठरव. बघू तरी तुला कसं जमतंय ते.”

तिने तुंबा माझ्या हातात दिला आणि वाट पाहत उभी राहिली. ती रागावलेली नव्हती. मी तिच्याकडे पाहिले. तिचे नाक आणि हनुवटी ताप्रांदिचसारखी आहेत, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

मी प्यालो. तुंबा जड होता. मला दोन हात लागले.

एस्तेरने तुंबा परत घेतला. झाकण लावून निघून गेली. दुधातले थोडे उतरले, बाकीचे अजून वर थांबले आहे; बसल्या जागी मला ते जाणवते. तुझ्या आईला जाणवत असेल, तसेच.

थोड्या वेळाने तू दार उघडशील आणि मला विचारशील, “बाबा, काही खाल्लं-प्यायलंत का?” म्हणून उत्तर आधीच लेखी देतो आहे: होय. मी तुझ्या आईसारखे खोटे बोलणार नाही, आणि तुला आत नळी घालून बघावे लागणार नाही. कारण विचारू नकोस. नियमात कारणाला जागा ठेवलेली नाही. मी ठेवली नव्हती. माझा बिल्ला मी स्वत:च काढून शेवटच्या खिळ्याला अडकवला आहे. रांगेतल्या बाया बघत होत्या. एकीने विचारले, “म्झे, चुकून लावलात का?” मी नाही म्हणालो. रांगेची लांबी मी पाहिली आहे. ती इथवर येईल तेव्हा तुझी सुट्टी संपलेली असेल आणि तू आणलेल्या जाळ्याही.

जॉयलिन आत आहे. ती तुला म्हणेल, उद्या सकाळी पहिल्यांदा घेऊ या की, रात्रभरात उतरेल, कोणाचं काय जातंय. काय जाते ते तुला ठाऊक आहे: बाहेर बाकावर बसलेल्या एका बाईचा उद्याचा क्रमांक. तिचे नाव विचारून घे. मी ते मुद्दाम लिहीत नाही. त्या बाईला तू मागे सारशील, नाहीतर मला. हे टेबल मी तेवीस वर्षे सांभाळले. आज ते तू सांभाळ.

जॉयलिन बोलली म्हणून तिला प्रसूती विभागात पाठवू नकोस. तिथे आता माणसे पुरेशी आहेत.

स्मरणिकेच्या पुढील आवृत्तीसाठी शुद्ध तारखा खाली देत आहे. तुझ्या लेखातील तारखा काढून या घालाव्यात.

दुर्बीण रुग्णालयात आली: १९९१ नव्हे, ११ मे १९९३.

फळा आणि नियम लावला: ‘सुमारे २००३’ नव्हे, २ फेब्रुवारी २००४.

ताप्रांदिचची पाळी: ‘आली नाही’ असे नव्हे, १७ ऑगस्ट २००६. त्याच दिवशी तिला मागे पाठवले. पाठवणारा जेरेमाया अरप सिगेइ.

सालोमेची बदली: लेखात उल्लेख नाही, २१ ऑगस्ट २००६.

दुर्बीण निकामी झाली: ‘जुलै’ नव्हे, २९ ऑगस्ट २००६.

ताप्रांदिचचा मृत्यू: ५ नोव्हेंबर २००६. ही तारीख तुझ्या लेखात बरोबर होती.

फळ्यावरून तिचा बिल्ला काढला: लेखात उल्लेख नाही, तो काढलेला नव्हता; तिच्या मृत्यूनंतर मी तो पुन्हा शेवटच्या खिळ्यावर लावला होता. शेवटच्या खिळ्यावर आज मी माझा बिल्ला लावला, तो त्याच्यावरच.

रेलचा मृत्यू: २७ फेब्रुवारी २०१९.

एनोकला बोलावणाऱ्या पत्रावर अध्यक्षाची सही: अर्ज येताच नव्हे, २५ मार्च २०१९.

जेरेमाया अरप सिगेइ याने दूध प्यायले: २० मे २०१९.

त्याला आत घेतले किंवा मागे पाठवले: ही तारीख तू घालावीस. कोणी, तेही लिही.